तलाव रिकामा करू नये

४ एप्रिल, सोमवार

आलो एकदाचा. खोली बघितली आणि जीव भांड्यात पडला. बंगल्याच्या मागे, पोहण्याच्या तलावाच्या काठाला, पंपघराला लागून एकच खोली, पण ऐसपैस. रविवारी ही सामान घेऊन येईल. तोवर मी आणि माझे ब्रश.

मालकीणबाई सत्तरीच्या, ताठ, बोलायला कमी. काम चालता चालताच सांगितलं: पानं काढायची, पाणी निर्मळ ठेवायचं, काठ घासायचे. अट एकच. तलाव रिकामा करायचा नाही, कधीच नाही. मी विचारलं, गिलावा उखडला तर? म्हणाल्या, उखडू दे. मोठ्या घरच्या एकेक तऱ्हा.

तलाव मात्र देखणा. तळाचा गिलावा दुधासारखा पांढरा. फक्त खोल बाजूला एक करडा डाग आहे, माणसाएवढा लांब. बाईंना विचारलं तर त्या पानं कुठे टाकायची ते सांगू लागल्या. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. ही म्हणते, तुला बायकोपेक्षा डागच जास्त आवडतात.

५ एप्रिल

डाग कशाचा ते कळलं की निम्मं काम झालं. लोखंडाचा असेल तर तपकिरी, तांब्याचा निळसर, कुजलेल्या पानांचा असेल तर चहा सांडल्यासारखा. हा यातल्या कशातच बसत नाही. तरी काठीला व्हिटॅमिन सीची गोळी बांधून घासली. लोखंडाचा असता तर फिका झाला असता. ढिम्म. मग जुन्या मोज्यात क्लोरीन भरून डागावर सोडलं. पानांचा असता तर उडून गेला असता. तोही नाही. पाणीही तपासलं. आम्ल वाढलं तर गिलावा खातं, कमी झालं तर चुन्याचे थर बसतात. इथे दोन्ही नाही.

मग संशय माळीमामांवर. ते हिरवळीवर मुठीमुठीने हिराकस फेकतात, लोखंडाचं खत. त्याचे दाणे वाऱ्याने पाण्यात पडले की गंजाचे ठिपके पडायचेच. त्यांना म्हटलं तसं. ते कुंपणाच्या पलीकडूनच म्हणाले, ठिपके असतील ते माझ्या नावावर टाक, तो लांबडा नको. कुंपणाच्या अलीकडे मात्र आले नाहीत.

७ एप्रिल

बाई सकाळी चहा घेऊन काठावर बसतात आणि पुटपुटतात. मला वाटलं, काही म्हणत असतील देवाचं. आज जवळून गेलो. उकाडा वाढलाय, गुडघे दुखतात, दूधवाला पाणी घालतो, असल्या गप्पा. आणि बघत होत्या ते तळाकडे नाही. पाण्याच्या पृष्ठभागाकडे, जरा पलीकडे.

त्या आत गेल्यावर मी बुडी मारली. म्हटलं, डाग हाताने तरी बघू, खरखरीत आहे की गुळगुळीत. गिलावा जसा सगळीकडे तसाच तिथे. हात फिरवत पुढे नेला आणि डाग माझ्या हातावर चढला. मनगटावरून कोपरापर्यंत आला. हात मागे घेतला, तो परत तळावर.

गिलाव्यातला डाग हातावर येत नाही. सावली येते.

वर पाहिलं. पाणी आणि ऊन. ना झाड, ना ढग. आता आठवतंय: सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीशी असतो, संध्याकाळी पूर्वेच्या. मी मूर्खासारखा गोळ्या घासत बसलो होतो.

८ एप्रिल

लांब दांड्याची जाळी पाण्यावरून फिरवली, सावलीच्या वर जिथे काहीतरी असायला हवं तिथे. रिकाम्या पाण्यात जाळी अडली. मऊ काहीतरी. जोर लावला तसं ते होडीसारखं हळूच सरकलं, आणि तळावरची सावलीही सरकली.

बाई मागे उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. त्यांची धाकटी बहीण. लग्न दोघींनी केलं नाही. धाकटी रोज सकाळी पाण्यावर उताणी पडून राहायची, डोळे मिटून, हात पसरून. एका सकाळी तशीच गेली. बाई काठावर चहा पीत तिच्याशी तासभर बोलत होत्या. उत्तर नाही, पण उत्तर ती कधीच देत नसे. नंतर तिला काढली, नेली, सगळं रीतसर झालं. पण दुसऱ्या दिवशी ऊन आलं आणि तळावर सावली तशीच.

मी म्हटलं, पाणी बदलून टाकू या.

"आहे तिथे बरी आहे," बाई म्हणाल्या. "हलवू नकोस तिला."

९ एप्रिल

बाई डोळ्याच्या ऑपरेशनला शहरात गेल्या, सोमवारी येतील. हिला फोनवर सगळं सांगितलं. ही हसली. म्हणाली, कामचुकारपणाला भुताचं नाव देऊ नकोस. डाग जात नाही तर पाणी काढ, एवढं साधं. उद्या ही येणार. पोहता येत नाही हिला, पण पाय सोडून बसायची हौस भारी. तिच्या पायांशी ते तरंगत येईल, हा विचार डोक्यातून जाईना. पाणीच नसेल तर तरंगणार कशावर?

झडप उघडली.

१० एप्रिल, रविवार

रिकामा झाला. मी काठावरून हललो नाही. पाणी उतरलं तसं ते खाली येत गेलं, आणि सावलीच्या कडा ठळक होत गेल्या. आधी नुसता पट्टा, मग खांदे, मग मोकळे केस. शेवटी पाणी भोकातून गुरगुरत गेलं आणि तळ कोरा. डागाचा मागमूस नाही. मी तिथेच बसून रडलो, हसलो, काय केलं ठाऊक नाही.

ही आली. खोली आवडली. छपरात काचेचा चौकोन आहे, त्यातून ऊन येतं. तिने आल्या आल्या पलंग ओढून त्याच्याखाली नेला. मग म्हणाली, गादी दमट लागतेय.

११ एप्रिल

बाई आल्या. एका डोळ्यावर पट्टी. रिकामा तलाव पाहिला आणि काठ धरून खाली बसल्या.

"आता ती तरंगणार कुठे?"

एवढंच. सगळे नळ सोडले. धार बारीक. माळीमामा न सांगता निघून गेले.

संध्याकाळी आमच्या खोलीच्या पायऱ्यांवर सावली. वर काही नाही. दाराच्या दिशेने—

हिला जा म्हटलं. उद्या संध्याकाळच्या गाडीने जाईन म्हणाली, तुझं डोकं थंड झालं की.

१२ एप्रिल, सकाळ

पाणी गुडघ्याइतकं. बाई म्हणतात, एवढ्यात ती येणार नाही, खोल हवं. काठावर बसून हाका मारतायत.

हिचं डोकं दुखतंय. अंग गार. केस ओले. न्हाली नाही म्हणते.

दुपार

ही झोपली. काचेतलं ऊन अंगावर. चादरीवर करडा पट्टा—घडी वाटली. घडी नाही. छपरावर चढून पाहिलं, काचेवर काही नाही. म्हणजे काच आणि पलंग यांच्या मधे. खोलीत.

हलवलं, हाका मारल्या. उठत नाही. झोपेत हात पसरले. पाय जुळवले. ही कधी पाण्यात उतरलेली नाही—

पलंग ओढला. सावली बरोबर आली. मधे हात घातला. गार. ओलं. केस—

कडा ठळक होतायत. खाली येतेय. खांदे दिसले. आता बोटं. हिच्या बोटांवर बरोब्बर—

बाई दारात. म्हणतात, उचल, पाण्यावर नेऊन ठेव, मग ती सुटेल. कोण सुटेल, विचारलं. पुन्हा तेच, उचल.

सावली आता दिसत नाही. हिच्या अंगाबाहेर कुठेच नाही.

उचलली. वजनच नाही हिला. परत ठेवली तर पाठ गादीला टेकत नाही, बोटभर अंतर, आता वीतभर—वही ठेवतो, पाय धरायला हवेत हिचे, नाहीतर ही