नव्या ट्रकची शिट्टी आणि तुमचा भाऊ

तीर्थरूप ताईंना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. नमस्कार मनापासून आहे, पण रागात आहे, तेवढं समजून घ्या. (राग तुमच्यावर नाही, तुमच्या भावावर आहे. आता त्यांना लहानपणी कडेवर घेऊन तुम्हीच फिरवलंत आणि तुम्हीच डोक्यावर बसवून ठेवलंत, तेव्हा चिमूटभर तुमच्यावरही आहे; तो थोरलेपणाचा मान म्हणून ठेवून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? यजमानांचा खोकला थांबला का? आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात ट्रकची किल्ली मी पिठाच्या डब्यात पुरून ठेवली आहे आणि तुमचे भाऊ गाद्या उलथ्यापालथ्या करून ती शोधतायत. ती त्यांच्या हाती लागली तर एखाद्याचा जीव जाईल. मी उगाच मिरचीमसाला लावत नाही. आधी सगळं वाचा, मग ठरवा माझं काय चुकलं ते.

ट्रक नवा आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. नवा म्हणजे सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही (मीच काढू देत नाही; उन्हात चटके बसतात, तरी नाही). जुना टेम्पो विकून हा घेतला, की फर्निचरच्या कारखान्यातली कपाटं, पलंग, सोफे एका खेपेत गिऱ्हाइकाच्या दारात पडावेत आणि आपण दोघांनी सुखाने चार घास खावेत. तर सुख कसलं, महिना उलटायच्या आत ट्रक शिट्टी मारायला लागला! पाय अॅक्सिलरेटरवर पडला की पुढून, बॉनेटखालून, बारीक चिरकी शिट्टी. पाय काढला की गप्प. माल भरलेला असला, चढ असला, की आणखी जोरात. कुकर शिट्टी द्यायच्या आधी जसा सूं सूं करतो, अगदी तसं. मी शेजारी बसलेली, लगेच म्हटलं, अहो, हा आवाज कसला?

आता तुमच्या भावाच्या कानांचं कौतुक मी तुम्हाला काय सांगावं! लग्न ठरलं तेव्हा तुम्हीच मला सांगितलं होतंत, की आमचा भाऊ तिसऱ्या गल्लीतून जाणारी गाडी आवाजावरून ओळखतो. उभा जन्म गॅरेजमध्ये गेला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि भोवती चार ड्रायव्हर श्वास रोखून उभे, हे मी स्वतः पाहिलंय. कुठून कुठून लोक फोन करून इंजिनापाशी धरायचे आणि हे इथे जेवता जेवता कुठला वॉल्व्ह बिघडला ते सांगायचे. त्या कानांवर आपलं घर उभं राहिलं, ते मी नाकारत नाही. पण त्याच कानांनी मला आज रडकुंडीला आणलंय.

तर मी आवाजाचं विचारलं, तेव्हा हे माझ्याकडे बघून म्हणाले, तुला कसा ऐकू येतो ते आधी सांग. मला वाटलं परीक्षा घेतायत. मी म्हटलं, शिट्टीसारखा. झालं! म्हणाले, तुला काही कळत नाही, ती शिट्टी नव्हे, घरघर आहे, मागच्या चाकाचं बेअरिंग आहे. बेअरिंग बदललं. शिट्टी तशीच. मग म्हणाले, आता जरा टकटक येतेय, मधल्या शाफ्टचा जॉइंट. जॉइंट बदलला. शिट्टी तशीच. (मी म्हटलंही, की टकटक मला येत नाहीये. त्यावर म्हणाले, तुला यायला तू काय मिस्त्री आहेस?) सर्व्हिस सेंटरचा जो फोरमन आहे, ज्याला सगळे 'होऊन जाईल' म्हणतात, कारण दुसरं वाक्य त्याला येतच नाही, तो एके काळी ह्यांच्याच हाताखाली पाने-पकडी उचलून मोठा झालेला. त्याची काय बिशाद उस्तादांच्या पुढे तोंड उघडायची! हे म्हणाले गिअरबॉक्स, की तो म्हणाला होऊन जाईल. आणि ताई, नव्या कोऱ्या ट्रकचा गिअरबॉक्स त्या शहाण्यांनी खाली उतरवला आणि त्याची दातेरी चाकं फडक्यावर वाळवणासारखी मांडून ठेवली! वॉरंटी होती म्हणून पदरचं काही गेलं नाही, पण धंदा ठप्प. कारखान्याचे मालक दुसऱ्या टेम्पोवाल्याशी गोड गोड बोलायला लागले ते वेगळंच.

ट्रक परत घेऊन आम्ही निघालो. हे स्टिअरिंगवर, मी शेजारी. उड्डाणपुलाच्या चढाला ह्यांनी पाय दाबला आणि ट्रकने अशी शिट्टी मारली, की पुढच्या स्कूटरवाल्याने मागे वळून पाहिलं. आणि हे मांडीवर थाप मारून, तोंडभर हसून मला म्हणतात, बघ, गेला की नाही आवाज?

आधी वाटलं थट्टा करतायत. तोंडाकडे पाहिलं तर थट्टा नव्हती, लहान पोराने पाटी पुसून दाखवावी तसा चेहरा होता. घरी येऊन मी ह्यांच्या पाठीमागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, मी घर सोडून चालले. हे पेपर वाचत राहिले. (एरवीही वाचतच राहिले असते, म्हणून ही परीक्षा मी बाद धरली.) मग म्हटलं, तुमचा ट्रक कुणीतरी घेऊन चाललाय. पान उलटलं. पुढे येऊन तेच म्हटलं, तर ताडकन उठून दाराकडे धावले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस माझं बोलणं माझ्या ओठांवरून उचलतोय, ताई! स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकली की हाडातून ह्यांना इंजिन ऐकू येतं, म्हणून स्वतःची समजूत घालून बसलेत की सगळं ठीक आहे. पण चालत्या ट्रकमध्ये स्क्रू ड्रायव्हर कुठे टेकवणार? ती शिट्टी ह्यांनी एकदाही ऐकलेली नव्हती. घरघर, टकटक, सगळं मनाने जोडलेलं.

एवढ्यावरही मी मूग गिळून बसले असते. पण दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या गोदामात हे ट्रक मागे घेत होते. मागे आमचा तो उंच हमाल, ज्याला सगळे शिडी म्हणतात, भिंत आणि ट्रक यांच्या मधे उभा. तो ओरडतोय थांबा, थांबा. मी खाली उभी, पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवतेय. गोदाम दणाणून गेलं, आणि ट्रक आपला मागे, मागे. शिडीने कसंबसं अंग चोरून बाजूला उडी मारली आणि ट्रकचा मागचा फाळका भिंतीवर आदळला. हे खाली उतरून म्हणतात काय, अरे, आवाज द्यायला नको का? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शिडीला बिचाऱ्याला पाणी दिलं, आणि ह्यांच्या हातातून किल्ली हिसकावून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांच्यावर चारचौघांत ओरडले. ते तरी ऐकू आलं की नाही, देव जाणे.

आता ट्रक मी चालवते. (टेम्पोवर शिकले होते, परवाना आहे, तोंड वाकडं करू नका.) एकटीच सर्व्हिस सेंटरला गेले आणि होऊन जाईलला शेजारी बसवून पुलापर्यंत नेलं. पाय दाबला मात्र, तो म्हणाला, वहिनी, ही तर हवेच्या पाइपची शिट्टी, क्लिप सैल आहे. बॉनेट उघडलं, क्लिप आवळली, शिट्टी बंद. मी विचारलं, मेल्या, हे तुला आधीच कळलं होतं? तर मान खाली घालून म्हणतो, पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण उस्ताद घरघर म्हणाले. त्याला मी जे काही बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

पण ताई, खरा संताप मला फोरमनचा नाही, क्लिपचाही नाही. एवढी वर्षं एका ताटात जेवलो, आणि ऐकू येत नाही एवढं साधं मला सांगता येऊ नये? माझ्यापासून लपवायचं? कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणतात, तोच डॉक्टर माझ्याकडे गाडी दाखवायला यायचा, मी त्याच्याकडे जाऊ? वर छाती काढून हिंडतायत. मी रागाने थरथरतेय असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे मी घाबरलेय. शिडीच्या जागी हे स्वतः रस्त्यात उभे असते आणि मागून कुणी हॉर्न वाजवला असता तर?

तेव्हा तुम्ही या. तुमच्यापुढे त्यांची मान खाली असते. दंडाला धरून डॉक्टरकडे न्या, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत किल्ली मागायची नाही असं बजावा. माझ्याने होत नाही, मी हात टेकले. यजमानांना नमस्कार सांगा.

तुमची संतापलेली, पण तुमचीच
भावजय

ता. क. हे आत्ता समोर येऊन विचारून गेले, कुणाला लिहितेस? ताईंना म्हटलं. तर म्हणाले, लिही की ट्रक आता लोण्यासारखा चालतो, बसायला ये. म्हणजे आमंत्रण दोघांचंही आहे, कारण मात्र वेगवेगळं.

आणखी एक ता. क. येणार असल्याचं ह्यांना फोनवर कळवू नका. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून हे नुसतं हो हो, वा वा, छान झालं एवढंच म्हणत राहतात. आणि खरं सांगायचं तर पुढचं लिहिण्यासाठीच एवढी पानं भरली, आधी धीर होत नव्हता. काल तुमच्या लेकीचा, आमच्या भाचीचा, मला फोन आला. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, हे मला काल कळलं, ताई. मोडलं त्याच दिवशी तुम्ही भावाला फोन करून सांगितलंत, आणि भाऊ म्हणाला, वा, फार छान झालं, तारीख कळव, मी ट्रक घेऊनच येतो. तुम्ही फोन ठेवलात तो ठेवलातच, पुन्हा केला नाहीत. मी तेव्हा समोर बसून भाजी निवडत होते. मला म्हणाले, ताईचा होता, सगळं मजेत आहे. त्यांना एक अक्षर ऐकू आलेलं नव्हतं. आजही ते लग्न आहे असंच धरून चाललेत. कारखान्यातून भाचीसाठी आरशाचं टेबल आणून मागच्या खोलीत ठेवलंय आणि किल्ली शोधून दमले की त्याला पॉलिश करत बसतात. मी अजून काही बोललेले नाही. लग्न मोडल्याचं तुम्हीच सांगा, समोर बसून, सावकाश, तुमच्या तोंडाकडे बघू देऊन. ते फोनवर काय म्हणाले ते मात्र त्यांना कधीही कळू देऊ नका, एवढं माझ्यासाठी करा. आणि टेबल नको म्हणू नका. लग्न असो नसो, पोरीला आरसा लागतोच. मी स्वतः ट्रकने आणून पोचवीन.