रामा रंगाची चिंधी

प्रिय आत्या,

काल बाबा आपल्या दुकानात मोजपट्टी घेऊन आले. सोबत रक्त तपासणीच्या लॅबचा एक माणूस. तुझं मॅचिंग सेंटर बंद करून गाळा त्याला भाड्याने द्यायचा, असं तुझ्या भावाने परस्पर ठरवलंय. गाळा तू आम्हा दोघांच्या नावावर ठेवून गेलीस, म्हणून माझी सही हवी. रविवारी कागद येणार आहेत. माझं डोकं नुसतं तापलंय, आणि माझं ऐकून घेणारी तूच होतीस, म्हणून लिहितेय.

"बायकांच्या गप्पांवर धंदा चालत नाही. आता सगळं ऑनलाइन मिळतं," म्हणाले. तुझ्याच काउंटरला टेकून!

पण खरं सांगू? तू असताना मीही असंच बोलायचे. आठवतात ना आपली भांडणं? एखादा रंग आपल्याकडे नसला की तू साडीच्या आतल्या काठातून चिंधी कापून बाईच्या हातात द्यायचीस. "कल्याणला मोहनकडे मिळेल. ठाकुर्लीच्या ताईंनी पाठवलंय म्हणून सांगा."

"अगं आत्या, आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतेस?" मी चिडायचे. तू हसायचीस आणि पुढच्या बाईला फॉल दाखवायला घ्यायचीस.

तू गेलीस आणि मी शहाणी झाले. कुणालाही कुठेही पाठवणं बंद! सगळ्या ताग्यांचे फोटो काढले, दोनशे बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. रोज बदाम, रोज अंगठे. दुकानात मात्र माश्या. त्यात एका नवरीच्या आईने फोटो बघून रामा रंगाचे दहा ब्लाउजपीस मागवले. साडीला लावून बघितले तर सरळ मोरपंखी. कॅमेऱ्याला रामा कळत नाही गं! बाईंनी गठ्ठा काउंटरवर ठेवला. "तुमच्या आत्या असत्या तर असं झालं नसतं." लग्न पाच दिवसांवर आलेलं.

त्यांच्या साडीच्या आतल्या काठातून चिंधी कापली आणि रिक्षाने कल्याण गाठलं. मोहनकाका चिंधीकडेच बघत म्हणाले, "आता आठवण झाली काय? ताई गेल्या तसं तुमच्याकडून एक माणूस आलेलं नाय. मला वाटलं, दुकान बंद केलंत. मग मी पण पाठवायचं थांबवलं."

पाठवायचं? म्हणजे तेही पाठवत होते? आपल्याकडच्या निम्म्या बायका त्यांनी आणि आसपासच्या शिंप्यांनी पाठवलेल्या होत्या, हे एकदा तरी सांगायचंस ना! मला आपलं वाटायचं, पाटी बघून येतात. नुसती हसत राहिलीस. याचा राग अजून गेलेला नाही.

मोहनकाकांकडेही तो रंग संपलेला. त्यांनी ठाण्यात खोपटला बहिणीच्या दुकानात फोन लावला, तर ती तागा घेऊन स्वतः एसटीने आली. मला कधी पाहिलेलंही नव्हतं. "ताईंची भाची ना? मग झालं," एवढंच म्हणाली. मी तिथेच रडले, आत्या.

आता नवा ग्रुप केलाय. चार दुकानं, पाच लेडीज टेलर, बस. फोनवर फक्त 'कोणाकडे आहे?' एवढं विचारायचं. रंग मात्र चिंधीवरच ठरतो. बायका परत यायला लागल्यात. बाबा दुपारी, दुकान बंद असताना येतात आणि विचारतात, गिऱ्हाईक कुठाय!

ओरडू देत त्यांना. त्या लॅबवाल्याचा बिचाऱ्याचा काय दोष? त्याला जागा हवीय. मी ग्रुपवर विचारलं, डोंबिवलीत एका टेलरच्या शेजारचा गाळा रिकामा आहे. रविवारी त्याला चहा देईन, तो पत्ता देईन आणि बाबांचे कागद बाबांच्या हातात परत ठेवेन. दुकान चालेल, आत्या, आणि मीच चालवेन. हा माझा शब्द. माझी सही या पत्राखाली आहे, त्या कागदांवर होणार नाही.

तुझी भांडखोर भाची,
शलाका