निळ्या पडद्यावरचा बाण

जव्हार, ६ ऑक्टोबर २००३, संध्याकाळ

खंडेनवमीला कॉम्प्युटर बंद करून हळदकुंकू वाहिलं. आज, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सुरू केला तर पडदा नुसता निळा. एकही चित्र नाही, फक्त बाण हलतो. टायपिंग करणाऱ्या कमलने तीनदा बंद-चालू केला, सेफ मोडही करून पाहिला. "काका, दोन दिवस नवरदेवासारखा पाटावर बसवलात, आता कामाला कशाला उठेल?"

मला हसू आलं नाही. साप्ताहिकासाठी घेतलेला लहानूचा जबाब आतच आहे. खोडाळ्याकडच्या बंधाऱ्याचा हा राखणदार. भिंतीतून गढूळ पाणी येतंय असं त्याने सांगितलं आणि कमलने थेट टाइप केलं. छापून त्याचा अंगठा घेणं मीच सण झाल्यावर बघू म्हणून ढकललं. का ढकललं? कागद एकही नाही.

पाचच्या सुमारास लहानू स्वतःच आला. निळा पडदा पाहून म्हणाला, "सगळा गेला ना? बरा झाला. मी तुला कायच सांगला नाय, दादा."

कोणी दम दिला, विचारलं. त्याने पडद्यावरच्या बाणाकडे बोट केलं. "तो अजून हलतो," एवढंच म्हणाला आणि शेवटची एसटी गाठायला निघाला.

साप्ताहिकाच्या अंकाला दोन दिवस आहेत. आठवून लिहीन, ते जमतं. पण हे सांगणारा म्हणून नाव कुणाचं देऊ?

मोखाड्याच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या बाजूला गडगडतंय. लहानूचं घर त्याच भिंतीखालच्या पाड्यात आहे.