एका चौकटीत दोन नावं

बुधवार, १४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. धाकटीचा खोकला गेला, स्वयंपाकघरातला नळ मात्र अजून गळतोच आहे. परवा तू फोनवर विचारलंस, भावजींना कामावरून काढलं त्यात खरंच त्यांची चूक होती का? मी हो म्हणालो आणि घाईत आहे सांगून फोन ठेवला. घाई कसली डोंबलाची! नंतर तासभर दवाखान्याच्या जिन्यात बसून होतो. तुझ्या दारात यायला तोंड नाही, म्हणून पत्र.

मी रक्ततपासणीचा विभागप्रमुख झालो तेव्हा तू शेजारीपाजारी सांगत सुटली होतीस. भावजी तिथे माझ्याआधी अकरा वर्षं. नस कशी शोधायची, सुई कशी घालायची, सगळं त्यांनीच मला शिकवलं. आणि आता मी त्यांचा साहेब! त्यांना काम कुठल्या तोंडाने सांगू? "भावजी, जरा बघता का," यापुढे जीभ रेटायची नाही.

पूर्वी सोपं होतं. आकडा धोक्याचा दिसला की ज्याने पाहिला त्याने वॉर्डाला फोन करायचा. मग वरून हुकूम आला, कोणी काय करायचं ते कागदावर लिहा. तक्ता मी केला. मशीन चालवणार भावजी, आकडे तपासणार मी. 'वॉर्डाला कळवणे' या चौकटीत मात्र अडलो. त्यांचं नाव लिहावं तर बहिणीच्या नवऱ्याला हरकाम्या केल्यासारखं, माझं लिहावं तर त्यांच्यावर भरवसा नाही असं त्यांना वाटणार. म्हणून दोघांचीही नावं लिहिली. कुणाचा मान दुखावला नाही म्हणून स्वतःवर खूशही झालो.

त्या मंगळवारी एका बाईंच्या रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलेलं निघालं. अशा वेळी हृदय कधीही थांबतं. भावजींनी आकडा दाखवला, मी मान डोलावली. त्यांना वाटलं, साहेबांनी पाहिलंय, साहेब कळवतील. मला वाटलं, त्यांनी केव्हाच कळवलं असेल, विचारलं तर राग येईल. चार वाजता बाई गेल्या. त्यांचे यजमान खाली आले आणि खिडकीशी उभं राहून एवढंच म्हणाले, "रिपोर्ट किती वाजता तयार होता?" भावजींनी खरं ते सांगितलं, सव्वाबाराला. मी मशीनमागे उभा होतो. पुढे आलो नाही.

ताई, चौकशीच्या आदल्या दिवशी मी तो तक्ता नव्याने छापला. त्या चौकटीत फक्त भावजींचं नाव ठेवलं. जुनी तारीख घातली, सही केली. हे लिहायचं नव्हतंच. खोकला आणि नळ यांच्यावरच पत्र संपवणार होतो.

काल ते हिशेबाचे पैसे घ्यायला आले होते, राहवेना म्हणून परतताना त्यांना बसथांब्यावर गाठलं. सगळं सांगून टाकलं. म्हटलं, पहिल्या तक्त्याची तुमच्याकडची प्रत द्या, मी स्वतः ऑफिसात नेऊन देतो. ते शांतपणे म्हणाले, "ती मी चौकशीच्या दिवशीच फाडली. एकाच घरातल्या दोघांच्या नोकऱ्या कशाला जायला हव्यात? आणि फोन मीही केला नव्हताच की." वर मलाच दटावलं, तुझ्या ताईजवळ यातलं अक्षर काढू नकोस.

चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तू म्हणतेस ते जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. ताई, तिथे मी पडायला हवं होतं. आणि मी पडलो असतो तरी त्या बाई काही परत येणार नव्हत्या.

आज दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेलो, दोनदा माघारी फिरलो. माझ्यात ती धमक नाही, पुढे कधी येईल असंही वाटत नाही. आता पुरावा म्हणून हे पत्र तेवढं उरलं आहे. फाडायचं की ऑफिसात द्यायचं, ते तू बघ. नेऊनच दे, असं लिहायलाही माझा हात धजत नाही. तिथे चालावं म्हणून सही हुद्द्यासकट करतो आहे.

तुझा भाऊ,
विभागप्रमुख, रक्ततपासणी