यादीतलं सुनीताचं नाव

प्रिय आक्का,

जय भीम.

तुमी जाऊन सात महिने झाले. एवढ्या दिवसांत मी एक ओळ लिहिली न्हाय, कारण लिहिण्यासारखं काय नव्हतं. रडायचं ते लोकांनी रडून घेतलं, जेवायचं ते जेवून गेले. आज काम निघालंय म्हणून लिहिते. अक्षर दुसरीपर्यंतच्या शाळेचं हाय. तुमाला तर तेवढंबी येत नव्हतं, तवा नावं ठेवू नका.

काम असं. हैदराबादच्या तळ्यातला मोठा बुद्ध बघायला आपल्या वस्तीवरच्या बायका निघाल्यात. तुमीच ठरवलेलं, आठवतंय का? वैशाखातल्या पुनवंला जायचं, पाण्यातून बोटीनं जायचं, बुद्धाच्या पायाशी उभं राहून वर बघायचं. अकरा जणी गोळा केल्या, इंदापूरचा मिनीबसवाला पक्का केला, आणि मधीच तुमी निघून गेला. असं कुणी करतं का? लग्न काढायचं आणि वरमायनंच मांडवातून उठून जायचं!

परवा विहारात कमलनं यादी वाचली. तुमचं नाव आलं तसं तिनं बोट तितंच ठिवलं. मंग कमल माझ्याकडं बघून म्हणाली, "आक्कांच्या जागी कोण?"

मी म्हटलं, "त्यांची सून. सुनीता. लिव्ह."

सुनीता मागं चटया गुंडाळत हुती. तितनंच म्हणाली, "मी न्हाय हां, धाकल्या आत्या. म्हशीला कोण बघंल?"

आक्का, हे बोलणं तिचं न्हाय. तुमचं हाय. एकोणीस वर्सं कुठं जायचं निघालं की तुमी उंबऱ्यात उभं राहून हेच म्हणायच्या, "आमी जाऊन येतो, म्हशीला कोण बघंल?" आता तुमी न्हाय, तर ती पोरगी तुमचं बोलणं जपून बसलीया. सुनंसाठी काय ठिवून गेला म्हणावं, तर हे!

आणि मी काय साळसूद हुते व्हय? मीबी पिशवी काखंत मारून तुमच्या मागनं निघायची. गाडीत खिडकीची जागा मिळावी एवढीच मला काळजी. ती गोठ्यातनं हात वर करायची, आपण गाडीतनं हात वर करायचो. सुप्याची पोर, लग्न करून हितं आली. माहेर, वस्ती आणि इंदापूरचा बाजार, एवढंच तिनं जग बघितलं. मी एकदाबी म्हटलं न्हाय की आक्का, औंदा तुमी ऱ्हावा, तिला जाऊ द्या. म्हटलं असतं तर तुमी ऐकलं नसतं, ते सोडा. मी म्हटलं न्हाय, हे खरं हाय.

नागपूरला तुमी हरवला तवाचं तर मला अजून टोचतं.

काय ती गर्दी! आपण पाणी प्यायला वळलो आणि तुमी गायब. मी पोलिसांच्या मांडवात गेले. तितली पोलीसबाई म्हणाली, "आजी, काय नेसल्यात त्या?" मी म्हटलं, "पांढरं लुगडं. डोक्यावर पदर." ती पोरगी माझ्याकडं बघाय लागली. मंग मला खांद्याला धरून बाहेर वळवलं आणि म्हणाली, "आजी, जरा समोर बघा."

समोर जिथवर नजर जाईल तिथवर पांढरी लुगडी आणि डोक्यावर पदर! मीबी तसलीच. कुणाला शोधायचं?

शेवटी घरी फोन लावला. सुनीता म्हणाली, "धाकल्या आत्या, रडू नका." मी म्हटलं, "मी कुठं रडतीया? पांढऱ्या लुगड्याच्या हजार बाया हायेत हितं, त्यातली आपली कंची ते सांग." तर ती म्हणाली, "लुगडं सोडा. पायात बघाय सांगा. आत्यांच्या उजव्या चपलेचा अंगठा निळ्या वायरनं बांधलाय. मीच बांधलाय परवा."

पोलीसबाईनं तेच भोंग्यावर सांगितलं. अर्ध्या तासात दोन पोरी तुमाला हाताला धरून घेऊन आल्या. तुमी आल्या आल्या माझ्यावरच वरडला, "अंजे, कुठं हरवली हुतीस गं?"

आणि घरी येऊन काय सांगितलं? "अंजी हरवली हुती, मी हुडकून आणली." सगळ्या वस्तीला हेच सांगितलं! सुनीता गोठ्यातनं ऐकत हुती. हसली आणि धार काढाय बसली. तिचं नाव मला घेता आलं असतं. मी चहा पीत बसले.

तर आक्का, आता जायचं हाय तितंबी गर्दी हाय. पुनवंला तर मुंगीला जागा न्हाय म्हणत्यात. बोटीसाठी रांग, परतीच्या बोटीसाठी रांग, आणि आपल्या अकरातल्या पाच जणींना घराबाहेर पडलं की डावं-उजवं कळत न्हाय. म्हणून कमल वही घेऊन सुनीताकडंच आली. म्हणाली, "तू येणार न्हायस, पण बेत तरी सांग."

सुनीतानं भाकरी थापता थापता सगळा बेत सांगितला. पहाटं चारला निघायचं. सोलापूरच्या पुढं न्याहारी, भाकरी-चटणी जवळची, दही कुणी आणायचं न्हाय, गाडीत सांडतं. त्या दिवशी मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बोटीनंच जायचं, गर्दी वाढायच्या आत. तिघी-तिघींचा गट, एकीनं दुसरीचा पदर सोडायचा न्हाय. "आणि पांढरं नेसा खुशाल, पण पायात काय घालणार ते मला आधी सांगा. मी लिहून कमलकडं देते."

कमल म्हणाली, "अगं भवाने, एवढं कळतंय तर चल की!"

"चंद्री हाय ना," सुनीता म्हणाली, आणि भाकरी उलटली.

चंद्री म्हणजे तुमच्या माघारी आणलेली म्हस. पहिल्यांदाच व्यालीया. सुनीताशिवाय कुणाला पान्हा सोडत न्हाय. तुमच्या मिलिंदला तर ती दारातबी उभं करत न्हाय, डॉक्टरनं सुई टोचली तवापासनं तिला पुरुषमाणूस दिसला की शिंगं हलवती. त्यात त्याची बारामतीला कामाची पाळी. दोन दिवस धार न्हाय काढली तर कास सुजंल, म्हस हातची जाईल. म्हणजे सुनीता खोटं बोलत नव्हती. म्हशीला खरंच कोण बघंल?

मंग मी ठरवलं.

पहिल्या दिवशी बादली घेऊन बसले, तर चंद्रीनं बादली एकीकडं आणि मला एकीकडं केलं. दुसऱ्या दिवशी रेडकू आधी सोडलं, सरकी पेंड तोंडापुढं ठिवली. पेंड सगळी खाल्ली, दूध सगळं चोरलं. मी म्हटलं, सटवे, तुझ्यापरीस माझी थोरली जाऊ बरी हुती. खरं सांगते, असंच म्हटलं.

चौथ्या दिवशी मला उमगलं. म्हशीला माणूस कळतं ते वासानं. मी सुनीताचा गोठ्यातला जुना गाऊन मागून घेतला आणि लुगड्यावरनं चढवला. आक्का, तुमी बघायला पायजे हुतं! मिलिंद घराच्या दारात बसून पोट धरून हसला. "चुलते असते तर ओळखलं नसतं तुमाला, काकी!" मी म्हटलं, "तुझ्या चुलत्यानं मला लुगड्यातबी कधी नीट बघितलं न्हाय, गप बस."

रोज सांज-सकाळ बसत गेले. सुनीता बाजूला उभी राहून शिकवायची. "अशी थाप मारा. घाई करू नका. तोंडानं काय तरी बोलत ऱ्हावा." बोलायला मला कुणी शिकवायची गरज न्हाय, हे तुमाला ठाऊकच हाय.

आज सकाळी चंद्रीनं मान खाली घातली, एक लांब श्वास सोडला आणि पान्हा सोडला. सुनीता दारात उभी हुती, जवळ नव्हती. अर्धी बादली भरली, आक्का. माझी बोटं आखडली, पण मी उठले न्हाय.

सुनीता म्हणाली, "म्हणजे तुमी येणार न्हाय?"

मी म्हटलं, "मला बोटीची भीती वाटती."

"खोटं बोलताय."

"मंग बोलते. तुझं काय जातंय?"

तिनं रेडकाच्या गळ्यातली दोरी उगीच सोडली, परत बांधली. मंग खाली बघूनच म्हणाली, "किती वाजता निघायचं हाय?"

पहाटं चारला, हे तिनंच ठरवलेलं! मी तिला तसं म्हटलं न्हाय. मी म्हटलं, "चारला."

तर आक्का, तुमची जागा तिला दिली आणि माझी कमलच्या आईला. तुमाला विचारलं न्हाय. विचारलं असतं तर काय म्हटला असता ते मला पाठ हाय.

मोठा बुद्ध बघायचं माझ्या मनात हुतं का? हुतं. आता ते राहू दे.

एक शब्द तुमाला देते. ती दोन दिवस तिकडं असंल, तवा मी फोन करून तिला म्हशीचं एक अक्षर सांगणार न्हाय. चंद्रीनं लाथ घातली, बादली सांडली, माझी कंबर मोडली, तरी तिनं विचारलं तर मी म्हणणार, "सगळं बेस हाय, तू वर बघ."

तुमची धाकली जाऊ,
अंजना