तिसऱ्यांची पिशवी आणि मास्तरांचा वर्ग

लालबाग, मुंबई
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९५६

ती. दत्तारामदादा यांस गुणाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले गुडघे कसे आहेत? मोर्च्यांमागे (आमच्याच) धावून ते दुखत असणार, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. इकडे आपली बहीण शांता आणि भाची मालन खुशाल. माझा खोकला तसाच. डॉक्टर म्हणतात, गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यातून बाहेर पडा, नाहीतर छाती कायमची जाईल. टाइमकीपरच्या ऑफिसात एक जागा आहे, तिची परीक्षा एक तारखेला, आणि तीत इंग्रजीची दहा वाक्यं बिनचूक लिहायची आहेत. सध्या डोक्यात तेवढंच. पुन्हा तुरुंगात पाय ठेवणार नाही हे आपल्याला दिलेलं वचनही डोक्यात आहे, काळजी नसावी.

पण हे इंग्रजीचं खूळ आपल्यामुळेच लागलं. गणपती बोळवल्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आपणच माझा दंड धरलात आणि "गुणाजी, निमूट चड गाडयेत, माका ढकलूक लावू नको," म्हणालात. गाडीत माझ्या शेजारी काळी टोपी आणि लांब कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ. गिरगावचे मनमोहन विजयकर, पेन्शनर. एका गोऱ्या कंपनीत तीस वर्षं साहेबांच्या पत्रांतलं इंग्रजी दुरुस्त केलेलं. ते सत्याग्रही नव्हतेच. बाजार करून मोर्चा बघत उभे राहिले आणि एका शिपायाच्या हाताला त्यांच्या पिशवीत दगड लागले. निघाल्या तिसऱ्या, कालवणाच्या शिंपल्या. (त्या कोर्टात हजर झाल्या नाहीत. कुणाच्या कालवणात गेल्या ते मी विचारत नाही.) मॅजिस्ट्रेटनी विचारलं, घोषणा दिलीत का? हे प्रामाणिकपणे म्हणाले, "अजून नाही." दहा दिवस.

तुरुंगात मी सहज विचारलं, माणसानं इंग्रजी कुठून सुरू करावं? म्हाताऱ्यांनी आधी मागे वळून पाहिलं, प्रश्न दुसऱ्या कुणाला असेल म्हणून. मग कोळसा घेऊन फरशीवर लिहायला बसले ते दहा दिवस उठलेच नाहीत. आय शाउट, यू शाउट, वुई शाउट, इथवर सगळं सरळ. पण ही आला की शाउट्स. ओरडतो तो एकटा आणि शेपूट क्रियापदाला का, ह्याचं मला फार नवल. मास्तर म्हणाले, मग तुमचं मी ओरडतो, तू ओरडतोस हे काय आहे? दादा, चाळीस वर्षं मराठी बोलतोय, आपणही शेपटं लावतो हे मला तुरुंगात कळलं! त्या रात्री मी निजलो नाही, नुसती शेपटं मोजत होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीसजण एका सुरात "आय ब्रेक द लॉ, ही ब्रेक्स द लॉ" घोकू लागलो, तेव्हा शिवा नावाचा पहारेकरी दंडुका घेऊन धावत आला. तिसऱ्या दिवसापासून तोही गजांबाहेर मांडी घालून घोकत होता. मग अ आणि द. नव्या माणसाची गोष्ट काढताना अ, दोघांच्या ओळखीच्याची काढताना द. म्हणजे पोलीस लायनीत अ हवालदार पुष्कळ, पण आमच्या घरात द हवालदार आपणच.

दहाव्या दिवशी, इंग्रजीत प्रश्न कसा विचारायचा हे सुरू झालं आणि अर्ध्यावर दार उघडून आम्हाला सोडून दिलं. इतकं वाईट मला अटक होतानाही वाटलं नव्हतं.

पुढचं शिकायला मी गिरगावात त्यांच्या घरी गेलो. गॅलरीत बसलो. मास्तरांनी "डू" म्हटलं, आतून हाक आली, दार उघडा. "डज" म्हटलं, कोलंबी सोलून झाली का? तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर चिरंजीव कमलाकांत, बॅरिस्टर, म्हणाले, बाबा, जरा हळू, मी फोनवर आहे. घरात सगळ्यांना इंग्रजी येतं, त्यामुळे मास्तरांचं ऐकायला कुणालाच नको. मास्तर जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "गुणाजीराव, तिथं बरं होतं हो."

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना पापा, गुडघ्यांना तेल.

आपला आज्ञाधारक (पुन्हा लिहितो, आज्ञाधारक)
गुणाजी

ता. क. येत्या शुक्रवारी चार वाजता नाक्यावर मोर्चा आहे. आपण असालच. मला धरावं. दहा दिवस झाले तरी एक तारखेच्या आत सुटतो, हिशेब केला आहे.

ता. क. दुसरा. मास्तरांनाही धरावं, नाहीतर माझ्या जाण्यात अर्थ नाही. मधे ते आपणहून तीन मोर्च्यांना जाऊन आले. पण आवाज फुटत नाही, आणि पोलीस "आजोबा, घरी जा" म्हणून बाजूला करतात. ओळखीसाठी हातात पिशवी असेल. वर तिसऱ्या असतील, खाली दोन धोतरं, चष्मा आणि व्याकरणाचं पुस्तक. पिशवी त्यांच्या पत्नी सुमतीबाईच भरून देणार आहेत. मला म्हणाल्या, "तुरुंगातून आले ते आठ दिवस शीळ घालत होते. ती परत ऐकायची आहे मला."

ता. क. तिसरा. शांताला ह्यातलं काही कळू नये. (ती मागेच उभी आहे. सांगते तसं लिहितो.) "दादा, हेंका आनी मास्तरांका एकाच गाडयेत घाल. खोकल्याचा औषध हेंच्या खिशात घातलंय. आनी तिसऱ्ये ह्या टायमाक तरी माज्या घराक पाठव."