काणी, छत्री आणि घरजावई

माघ वद्य ५, फसली १३२९

तीनदा तोंड धुतलं, तरी कानामागं काळं आहेच. केसर पाणी ओतता ओतता हसत होती. माझीच बायको!

सासरच्या खळ्यावरची ही रीत. ज्वारीची काणी लागलेली कणसं वेचायची — दाण्याच्या जागी काळी पूड भरलेली — आणि जावयाला बियाण्याच्या राशीशेजारी उभं करून त्याच्या तोंडावर चुरडायची. जावई काणी घेऊन आपल्या गावी जातो, पीक निकोप राहतं. पण मी घरजावई. जाणार कुठं? गावी ना घर उरलंय, ना माणूस.

चुलत मेहुणा बद्रीनाथ नेमकं तेच बोलला. "जावई जाईना, म्हनून काणी जाईना. दोन साल झाले, वाढूच लागली." सासरे सुंदररावांनी मान डोलावली. त्यांचं ते मान डोलावणं मला आवडलं नाही.

माघ वद्य ६

कानामागची पूड भिंगाखाली घेतली. पुण्याच्या शेतकी शाळेतून शिक्षण अर्धं आणलं, भिंग मात्र अख्खं. दिसला नुसता काळा भुगा. पण पुस्तक म्हणतं, चिमटीभर पुडीत लाखो बीजकण असतात. ते ज्वारीच्या दाण्याला चिकटतात, त्याच्याबरोबर पेरले जातात, ताटाच्या आतून गुपचूप वर चढतात आणि कणसात दाण्याची जागा बळकावतात. म्हणजे दरसाल आम्हीच बियाण्यावर काणी उधळतो, आणि खापर जावयावर!

जेवताना सगळ्यांना समजावलं. काणी, गव्हावरचा तांबेरा, शिळ्या भाकरीवरची बुरशी, पावसाळ्यातली कुत्र्याची छत्री — सगळं एकच कूळ. अंगात हिरवेपणा नाही, म्हणून स्वतःचं अन्न स्वतः करता येत नाही. दुसऱ्याच्या जिवावर जगायचं.

"मंग तुमच्याच गोत्रातलं की," बद्रीनाथ म्हणाला. सासूबाई — वच्छलाबाई — पदराआड हसल्या. आणि तोंड वाचवायला मी हे शास्त्र रचलंय, असं सगळ्यांचं ठरलं.

माघ वद्य ८

निकाल लागला. ओढ्याकडची पट्टी माझ्या पद्धतीनं पेरायची — बी औषधाच्या पाण्यात बुडवून, बीजकण मारून. सासरे म्हणाले, "त्या पट्टीत एक जरी कणीस काळं निघालं, तर तुमी दोघं दुसरीकडं बघा, जावईबापू." हो म्हणून बसलोय.

श्रावण शुद्ध ११

मेंढरांमागं फिरणारी भामाबाई वारुळावरच्या छत्र्या ओटीत घेऊन आली. म्हणाली, "वर दिसतंय ते नुस्तं फळ. तोडलं तरी तितंच पुन्यांदा येतंय, म्हंजी झाड खाली हाय." हेच सांगायला माझ्या पुस्तकाला चार पानं लागली!

सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं. चातुर्मास चाललाय, आणि हे कशात धरायचं? मी म्हणालो, वनस्पतीत.

"पान न्हाई, फूल न्हाई, बी न्हाई. मंग वनस्पती कावून?"

खरंच, पुस्तकवाल्यांनी दुसरीकडं जागा नाही म्हणून बिचारीला झाडांच्या घरात ठेवून घेतलेलं दिसतं. म्हणजे तीही घरजावईच.

गोठ्यामागं तीन दगडांवर भामाबाईनं शिजवून दिली. झकास लागली.

भाद्रपद वद्य ३

परळीच्या बाजारातून मोरचूद आणला. पाण्यात विरघळवून बी त्यात बुडवलं, सावलीत सुकवलं. हात निळे झाले. "बियाला इख कावून चारता?" सासरे एवढंच म्हणाले. सासूबाई मात्र खोदून खोदून विचारत होत्या — ती पूड उडते कशी, जाते कुठवर, मरते कशानं. म्हटलं, थट्टेला नवा माल गोळा करतायत. तरी सांगितलं सगळं.

आश्विन शुद्ध १

उगवलं. हुश्श.

पौष वद्य २

कणसं भरली. न्याहारी झाली की पट्टीतून फिरतो, एकेक ताट वाकवून बघतो. एकही काळं नाही! बाकीच्या रानात मात्र जागोजाग काणी. केसर म्हणते, "लई हुरळू नका." हुरळत नाही. भीती वाटते. रोज वाटतं, आज सापडणार.

माघ वद्य ७, फसली १३३०

खळं. माझ्या पट्टीची रास सासऱ्यांनी स्वतः हातानं चाळली. सगळे टक लावून बघत होते. एक काळा दाणा निघाला नाही. "म्होरच्या साली समद्या रानाला जावईबापूचं इख घाला," ते म्हणाले, "आन् काणी खळ्यावर आनू नका." बद्रीनाथ वेचलेली काळी कणसं हातात घेऊन तसाच उभा. मला रडू आलं. डोळ्यात कोंडा गेला म्हणालो.

माघ वद्य ८

सकाळी चुलीपुढं बसून सासूबाईंना ऐकवत होतो — बघा, शास्त्र कसं जिंकलं. त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बावीस व्हती."

"काय बावीस?"

"तुमच्या पट्टीतली काळी कणसं. तुमी उठायच्या आदी जाऊन उपटायची. पूड उडू नये म्हनून वल्या फडक्यात धरून. मंग ह्याच चुलीत."

मला वाटलं, लेक दूर जाईल म्हणून केलं असेल. तसं विचारलं.

"लेकी जात्यातच की. तुमाला दुसरं घर हाय का कुटं?"

प्रयोग पार बुडाला. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.